थेरपी फार्म पाहायला जा, पण चिखलाच्या दिवसांत

थेरपी फार्म म्हणजे मानसिक आजार असलेली माणसं जिथे राहतात आणि काम करतात असं शेत. त्याच्या माहितीपत्रकावर बारा महिने ऑक्टोबर असतो. लालभडक मेपल, भोपळ्यांची रास, लोकरी टोप्या घातलेली चार हसरी माणसं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडातला ऑक्टोबर खरोखर तसाच दिसतो, त्यामुळे फोटोंना खोटं म्हणता येत नाही. पण तिथे राहायला जाणारा माणूस बहुधा वर्षभर राहतो, आणि वर्षात एप्रिलही येतो. वरचा बर्फ वितळलेला, खालची जमीन अजून गोठलेली, पाण्याला मुरायला जागा नाही आणि रस्त्यात घोट्याच्या वर रुतणारा चिखल. तिकडे या दिवसांना ‘मड सीझन’ असंच म्हणतात. शेताची खरी पारख याच दिवसांत होते. बाहेरची कामं अडलेली, कर्मचारी हिवाळ्याने दमलेले, कुणाचाच मूड धड नाही. अशा एखाद्या मंगळवारी दुपारी दोन वाजता तिथली माणसं काय करत असतात, त्यावर आमचं निम्मं मत ठरतं.

हा आढावा या प्रकारच्या सेवेचा आहे, त्यामुळे गुणदोष कुठल्या एका शेतावर चिकटवू नयेत. स्किझोफ्रेनिया, बायपोलर (मन कधी उसळतं, कधी खचतं असा आजार), पुन्हा पुन्हा उलटणारं नैराश्य असे आजार असलेली माणसं, कर्मचारी आणि स्वयंसेवक एकाच आवारात राहतात, एकाच टेबलावर जेवतात आणि मिळून शेत चालवतात, अशी ही पद्धत. अमेरिकेत तिची सुरुवात १९१३ साली झाली. विल्यम आणि ॲग्नेस गूल्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या माँटेरे गावी काढलेलं गूल्ड फार्म आजही चालू आहे. सुमारे ७०० एकर जागा आणि चाळीसेक निवासी. तिथे निवाशांना ‘पेशंट’ म्हणत नाहीत, ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणे म्हणतात. पाहुणा म्हटलं तरी सकाळी गोठ्यात जावं लागतंच, तो भाग वेगळा. व्हर्माँटमधल्या कटिंग्सव्हिलचं स्प्रिंग लेक रँच १९३२ पासूनचं. ओहायोत होपवेल आहे, तेही मेसोपोटेमिया नावाच्या गावात.

नावांचा घोळ आधीच निस्तरलेला बरा. ‘थेरप्युटिक कम्युनिटी’ हेच नाव व्यसनमुक्तीच्या निवासी केंद्रांनाही असतं. तिथली शिस्त, गटासमोर जाब विचारण्याची पद्धत हा पूर्णपणे निराळा मामला आहे, आणि भ्रम-भास असलेल्या माणसाला ती सोसत नाही. १९४० मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनजवळ सुरू झालेली कॅम्पहिल चळवळ मुख्यतः बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी आहे आणि तिथे माणसं आयुष्यभरही राहतात. नेदरलँड्समधल्या बऱ्याचशा ‘केअर फार्म’वर लोक दिवसा येऊन संध्याकाळी घरी जातात. तेव्हा फोन करताना पहिला प्रश्न हा विचारावा: तुमच्याकडे कोणत्या आजाराची माणसं आहेत आणि ती सरासरी किती महिने राहतात?

कुणाला पाठवू नये, हेही लगेच सांगून टाकतो. इथे कुलूप नसतं. आजार ऐन भरात आहे, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार पक्का आहे, मारहाण होते आहे किंवा नशा चालू आहे, अशा वेळी आधी हॉस्पिटल आणि मग शेत. गोळ्या घ्यायलाच नकार असेल तर बहुतेक शेतं प्रवेश देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शुल्क दिवसाच्या हिशेबाने असतं. आरोग्यविमा राहण्याचा खर्च सहसा देत नाही. उत्पन्नानुसार सवलत आहे का, हे पहिल्याच बोलण्यात विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, या संस्था देणग्यांवर चालतात आणि त्यांना हा प्रश्न नवा नसतो.

आता काम. फेब्रुवारी संपता संपता रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा चार-पाच अंश वर, अशी हवा सुरू झाली की मेपलच्या खोडात रस हलू लागतो. महिना-दीड महिन्याचा हा हंगाम म्हणजे आपल्याकडच्या गुऱ्हाळाचा गोऱ्या मुलखातला भाऊ. काहील आहे, चुलवाण आहे, वर येणारी मळी आहे आणि ‘आता उतरवा’ म्हणणारा गुळव्याही आहे. फरक रसाच्या गोडीत. मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के, त्यामुळे ४० लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती लागतो.

किमान १०-१२ इंच जाडीच्या खोडाला ५/१६ इंचाचं भोक पाडतात, दीड-दोन इंच खोल आणि आत जाताना किंचित चढतं, म्हणजे रस आपसूक बाहेर ओघळतो. तोटी हलक्या हाताने ठोकायची. दणकून ठोकली तर लाकूड चिरतं आणि रस तोटी सोडून बाजूने गळत राहतो. गेल्या वर्षीच्या भोकाच्या सरळ वर किंवा खाली नवं भोक घेत नाहीत, कारण तिथलं लाकूड मेलेलं असतं आणि त्यातून काही येत नाही. बादल्या रोज रिकाम्या करायच्या. ऊन चढलं की रस दुधासारखा नासतो.

भट्टीच्या खोपट्यात कामाच्या चार-पाच पातळ्या आपोआप तयार होतात, आणि या हंगामाची गंमत तीच आहे. अंगात जोर आहे त्याने बादल्या आणाव्यात. ज्याचं लक्ष दहा मिनिटांहून जास्त टिकत नाही त्याला सरपण घालायला बसवावं, कारण चुलवाणाला सात ते दहा मिनिटांनी लाकूड लागतंच. बारकाईची आवड असलेल्याकडे थर्मामीटर. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा ४ अंश सेल्सिअस वर गेलं की पाक झाला. पण हवेचा दाब बदलला की उकळबिंदूही सरकतो, म्हणून रोज सकाळी आधी साधं पाणी उकळून त्या दिवसाचा आकडा पाटीवर लिहायचा. ही पायरी गाळली की पाक कच्चा राहतो आणि बाटलीत बुरशी धरतो, नाहीतर जास्त आटून तळाला खडे बसतात. काहिलीत दोन इंच तरी रस हवाच. पातळी उतरली तर काही मिनिटांत तळ करपतो आणि हजारो रुपयांची काहील वाया जाते. फेस वर आला तर लोण्याचा एवढासा गोळा पुरतो. आणि ज्याला आज कशालाच हात लावायचा नाही, त्याने वाफेत, उबेला नुसतं बसावं. त्याला कुणी ‘का बसलास’ विचारत नाही, कारण भट्टीपाशी बसणं हे कामच दिसतं. हॉस्पिटलच्या दिवाणखान्यात अशी सोय नाही.

इथे बिघडतं ते रात्री. रस वेळापत्रक पाहून वाहत नाही. भरपूर आला की भट्टी मध्यरात्रीपर्यंत चालवावी लागते आणि सगळ्यांना त्याची नशा चढते. बायपोलर असलेल्या माणसाच्या दोन-तीन रात्रींची झोप अशी गेली तर मेनियाला, म्हणजे मन बेफाम उसळण्याला, निमंत्रण मिळतं. चांगल्या शेतात नियम ठरलेला असतो: नऊ वाजता पाहुणे झोपायला, पुढची भट्टी कर्मचाऱ्यांची. हा नियम आहे का ते विचारा. ‘आम्ही सगळे मिळून रात्रभर जागतो, फार धमाल येते’ असं उत्तर आलं तर सावध व्हा.

आणखी एक खूण. बऱ्याच ठिकाणी आता झाडाझाडांतून प्लास्टिकच्या नळ्या, ओढून घेणारे पंप आणि पाणी काढून टाकणारी रिव्हर्स ऑस्मोसिसची यंत्रं आली आहेत. सरपण आणि वेळ वाचतो, उत्पादन वाढतं. पण बादल्या वाहणारी चार माणसंही रिकामी होतात. नळ्या टाकूनही पन्नासेक झाडांना मुद्दाम बादल्याच ठेवणारं शेत दिसलं, की तिथे कुणीतरी डोकं चालवलंय असं समजावं.

कळ्या फुटायला लागल्या की रसाला कडसर वास येतो आणि हंगाम संपतो. मग चिखल. शेतावर कमी बोलली जाणारी एक गोष्ट याच दिवसांतली. कुटुंबांना भीती वाटते ती डिसेंबरच्या अंधाराची, पण अनेक देशांच्या नोंदींत आत्महत्यांचं प्रमाण वसंतात चढलेलं दिसतं आणि मेनियासाठी भरती होणारेही वसंत-उन्हाळ्यात वाढतात. दिवस मोठा होतो, अंगात शक्ती येते, मन मात्र अजून मागेच असतं. म्हणून विचारावं की मार्च ते मे या काळात मनोविकारतज्ज्ञाच्या भेटी आणि समुपदेशकाच्या बैठका वाढवता का? झोपेची नोंद कोण ठेवतं? ‘वसंत आला की सगळे खुलतात’ एवढंच ऐकू आलं, तर त्या शेताला फुलं कळतात, माणसं कळत नाहीत.

चिखलाच्या दिवसांतलं खरं काम हरितगृहात असतं. कांद्याची रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकलेली, टोमॅटो शेवटच्या कडाक्याच्या सहा ते आठ आठवडे आधी. या भागात तो कडाका मेच्या उत्तरार्धापर्यंत लांबतो. पेरणी दिसते सोपी, पण बायपोलरसाठी लिथियम हे औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांचे हात कापतात आणि सॅलडच्या पानांचं बी चिमटीत धरून एका खणात एकच टाकणं त्यांना जमत नाही. मग ट्रे सांडतो, माणूस शरमतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. उपाय साधा आहे. त्याला वाटाणा, भोपळा, बीट असं ठसठशीत बी द्यायचं, किंवा मातीचा लेप दिलेलं गोळीबी घ्यायचं. बागेच्या प्रमुखाला हे सुचतं का, ते पाहावं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जास्त पाणी. प्रेमाने दिवसातून चारदा पाणी घालणारा एक तरी असतोच, आणि आठवड्याभरात रोपं देठापाशी काळी पडून कोलमडतात. पाणी घालण्याआधी ट्रे उचलून वजन पाहायला शिकवलं की हा प्रश्न निम्म्याने मिटतो.

बारमाही काम गोठ्याचं. जिथे दुभती जनावरं आहेत तिथे दोन वेळची धार चुकत नाही, आणि कुटुंबं याच गोष्टीवर सगळ्यात जास्त भाळतात: ‘आमचा मुलगा पहाटे उठायला लागला!’ थोडं थांबा. ऑलान्झपिन किंवा क्लोझापिन ही भ्रम-भासांवरची, झोप आणणारी रात्रीची गोळी दहा-अकराला घेतलेला माणूस साडेपाचला उठला तरी जागा नसतो, आणि गायीच्या मागच्या पायाशी पेंगणं धोक्याचं. ज्याला पहाटेची पाळी हवी आहे त्याची रात्रीची गोळी डॉक्टरांना विचारून दोन तास अलीकडे आणता येते. शेतप्रमुख आणि नर्स एकमेकांशी बोलत असतील तरच हे घडतं. नसतील, तर ‘आळशी’ असा शिक्का बसतो.

धार काढण्याचा क्रम पाहुण्यांना ज्या पद्धतीने शिकवतात, त्यावरून शेताचा दर्जा दिसतो. आधी प्रत्येक सडातून तीन-चार पिचकाऱ्या गडद रंगाच्या भांड्यात. गुठळ्या किंवा पाणीदार दूध दिसलं तर दगडी सुरू झाली, ती गाय बाजूला. मग सड जंतुनाशकात बुडवून तीस सेकंद थांबायचं, दर गायीला वेगळ्या फडक्याने पुसायचं आणि मिनिट-दीड मिनिटात यंत्र लावायचं, कारण पान्हा त्या वेळात सुटतो. काढून झाल्यावर पुन्हा सड बुडवायचे आणि गव्हाणीत वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते आणि सडाची तोंडं मिटायला वेळ मिळतो. कडाक्याच्या थंडीत मात्र ओले सड तडकतात, म्हणून गाय बाहेर सोडण्यापूर्वी ते टिपून कोरडे करतात. ज्याचं मन सैरभैर आहे त्याला हा क्रम फार धार्जिणा असतो: पुढे काय करायचं हे प्रत्येक वेळी गायच सांगते.

एक जागा मात्र पाहुण्याच्या भरवशावर सोडायची नसते. औषध चालू असलेल्या गायीच्या पायाला लाल पट्टी बांधतात आणि तिचं दूध टाकून देतात. ते चुकून टाकीत गेलं तर अख्खी टाकी ओतावी लागते. इथे दुसरा डोळा कर्मचाऱ्याचा हवाच. तो नसेल आणि दूध वाया गेलं, तर त्या माणसाच्या मनावर जे ओझं येतं ते उतरायला महिने लागतात. चूक माणसाची दिसते, खरं तर व्यवस्थेची असते.

या सगळ्यामागे एकच कसोटी आहे आणि आम्ही ती प्रत्येक कामाला लावतो. पाहुणा आज आलाच नाही, तर काय होतं? गाई ताटकळत उभ्या राहत असतील, तर ते शेत पाहुण्यांच्या घामावर उभं आहे, तेही त्यांच्याकडून शुल्क घेऊन. उलट पाहुण्याने केलेलं काम संध्याकाळी कुणीतरी गुपचूप पुन्हा करत असेल, तर ते काम नाटकी आहे, आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला नाटकी काम पहिल्या आठवड्यात ओळखू येतं. हवं ते मधलं: तो आला नाही तर काम उशिरा होतं, जड जातं, कुणीतरी ‘आज तू नव्हतास’ म्हणतं, पण गाई उपाशी राहत नाहीत. यासाठी कामाच्या प्रत्येक टोळीत एक-दोन माणसं जास्त लागतात. ती ठेवणं महाग असतं, आणि पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री तिथेच लागते.

उन्हाळ्यात ही कसोटी गवतावर लागते. वाळलेल्या चाऱ्यासाठी सलग तीन कोरडे दिवस हवेत: पहिल्या दिवशी कापणी, दुसऱ्या दिवशी उलथापालथ, तिसऱ्या दिवशी बांधणी. गठ्ठ्यात ओल १८-२० टक्क्यांच्या खाली हवी. जास्त ओला गठ्ठा कोठीत आतून तापतो आणि पुढच्या काही आठवड्यांत आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून रोज तापमान पाहतात. ५५ अंशांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. ७० च्या पुढे गेलं तर अग्निशमन दल येईपर्यंत गंजी उकलायची नाही, कारण हवा मिळताच भडका उडतो. एक गठ्ठा वीस किलोच्या आसपास, आणि गठ्ठे शेकड्याने. ढग दिसले की गटचर्चा रद्द आणि सगळे शेतात, हे चित्र देखणं आहे. महिन्यातून दोनदा झालं तर हरकत नाही. आठवड्यातून दोनदा होऊ लागलं तर तुम्ही थेरपीचे पैसे देऊन चारा गोळा करताय.

उन्हाची आणि गोळ्यांची गाठ हा शेतावरचा सगळ्यात गंभीर भाग, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नसतो. लिथियम घेणाऱ्याला भरपूर घाम आला आणि पाणी-मीठ भरून निघालं नाही, तर रक्तातली लिथियमची पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलटी-जुलाब, अडखळती चाल, जड जीभ ही लक्षणं दिसली की काम थांबवून थेट दवाखाना. पाठ दुखली म्हणून आयबुप्रोफेन दिलं तर पातळी आणखी वाढते. म्हणून शेडमधल्या प्रथमोपचार पेटीत ती गोळी सगळ्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. भ्रम-भासांवरच्या बऱ्याच औषधांनी शरीराला उष्णता सांभाळणं अवघड जातं, आणि थरथर कमी करायला दिलेल्या गोळ्यांनी घामच कमी येतो. असा माणूस ‘मला घाम येत नाही, मी ठीक आहे’ म्हणतो आणि तोच आधी कोसळतो. तहान लागण्याची वाट न पाहता वीस मिनिटांनी पाणी, अकरा ते तीन सावलीतली कामं, आणि कुणाला कोणती गोळी चालू आहे याची यादी नर्सकडे. तपशील गुप्त ठेवूनही टोळीप्रमुखाला ‘याला उन्हात अर्ध्या तासावर ठेवू नको’ एवढं सांगता येतं.

गोचिडांचं थोडक्यात. मे ते जुलैमध्ये त्यांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. चावलेली गोचीड बहुधा चोवीस तासांच्या आत रोग देत नाही, म्हणून रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यांमागे आणि केसांत पाहायचं आणि चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. अंगावर किडे चालल्याचा भास होणाऱ्या माणसाला ही रोजची तपासणी कशी सांगायची, याचं उत्तर कर्मचाऱ्यांकडे तयार हवं.

शरदाबद्दल फार लिहीत नाही, तेव्हा सगळीच शेतं चांगली असतात. बटाटे निघतात, लसूण लावतात, सफरचंदांचा रस काढतात. दोनच गोष्टी विचाराव्यात. जनावरं कापायची तारीख आधी जाहीर करता का, आणि ज्याने डुकराची पिल्लं बाटलीने वाढवली त्याला त्या दिवशी दूर राहायची मुभा आहे का? आणि हरणांच्या शिकारीच्या हंगामात रानात काम करणाऱ्यांना नारिंगी जाकिटं देता का?

नोव्हेंबर अवघड. पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि थोड्याच दिवसांत साडेचारच्या सुमाराला अंधार पडू लागतो. पानं गेलेली, बर्फ अजून नाही, बागेत काम नाही. त्यातच थँक्सगिव्हिंगच्या सणाला कर्मचारी सुट्टीवर, काही पाहुणे घरी, काहींना घरच नाही. वर्षभरासाठी आलेले विशी-पंचविशीचे स्वयंसेवक उन्हाळ्याअखेर निघून गेलेले असतात आणि त्यांच्याशीच सगळ्यात जास्त गट्टी जमलेली असते. या प्रकारच्या सेवेतला हा सगळ्यात दुखरा दोष: माणसं जोडायला शिकवतात आणि दर वर्षी जोडलेली माणसं नेतात. निरोपाची तारीख दोन महिने आधी फळ्यावर लिहिणं एवढं तरी शेताला करता येतं. अंधाराच्या दिवसांत येणाऱ्या नैराश्यासाठी सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसणं उपयोगी पडतं, पण बायपोलर असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये, त्याने मेनिया उसळू शकतो. दिवा सामायिक खोलीत ठेवून ‘ज्याला हवं त्याने वापरा’ म्हणणं हा निष्काळजीपणा आहे.

हिवाळ्यात काम म्हणजे सरपण. इथे लाकूड ‘कॉर्ड’वर मोजतात: ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब रास, म्हणजे १२८ घनफूट. मेपल वाळायला साधारण वर्ष लागतं, ओकला दोन. ओल २० टक्क्यांवर असलेलं लाकूड जाळलं तर धूर जास्त होतो, धुराड्यात राळेसारखा थर साचतो आणि एक दिवस तो पेटतो. म्हणून या हिवाळ्यात फोडलेलं सरपण पुढच्यासाठी असतं. कोठीत दोन वर्षांच्या राशी दिसल्या तर शेत पुढचा विचार करतं. चेनसॉ कर्मचाऱ्यांच्याच हाती असावी. रचणं मात्र कुणालाही जमतं, आणि वाकडी रचलेली रास कोसळली तर पुन्हा रचता येते, याच्यासारखं सोपं आणि क्षमाशील काम दुसरं नाही.

बर्फाच्या वादळात रस्ता बंद झाला की गोळ्यांचा साठा हा प्रश्न होतो. क्लोझापिनचे डोस ४८ तासांहून जास्त चुकले तर नेहमीच्या मात्रेवर परत जाता येत नाही, अगदी थोड्यापासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. तेव्हा निदान आठवड्याचा जादा साठा, रक्ततपासणीला वादळाआधी नेण्याची सोय आणि वीज गेली तर पाण्याच्या पंपासाठी जनरेटर, एवढं असायलाच हवं. आणखी एक बारकी गोष्ट: सिगारेट अचानक सुटली की क्लोझापिन आणि ऑलान्झपिनची रक्तातली पातळी वाढते. वीस सिगारेटी ओढणारा माणूस धूम्रपानबंदी असलेल्या शेतावर आला आणि दुसऱ्या आठवड्यात दिवसभर झोपू लागला, तर त्याला हवापाणी मानवत नाही असं म्हणण्याआधी नर्सने मात्रा तपासायला हवी.

आमचा शेवटचा आक्षेप बाहेर पडण्याबद्दल. शेतावर सुधारलेला माणूस शहरात एका खोलीत एकटा आला की त्याला बस पकडता येते का, एकट्यापुरता स्वयंपाक येतो का, शनिवारी दुपारी काय करायचं हे कळतं का, हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून शेतापासून शहरापर्यंत मधली पायरी आहे का, तिथे ओळखीचा एक तरी कर्मचारी भेटतो का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावं. निघण्याची तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येत असेल तर ती ढकलून मे-जूनवर न्यावी. प्रवेशासाठी मात्र आम्ही ऑगस्ट-सप्टेंबर सुचवू: काम भरपूर, हवा सोसवणारी, आणि अंधार पडेपर्यंत सगळ्यांची नावं पाठ झालेली असतात.

पाहणीला जाल तेव्हा एप्रिलमधला कामाचा दिवस मागा. रविवार नको, खुला दिवसही नको. गमबूट न्या. दुपारचं जेवण तिथेच घ्या आणि कर्मचारी पाहुण्यांसोबत बसतात की वेगळ्या टेबलावर, ते पाहा. कामाच्या फळ्यावर ‘आज जमणार नाही’ असं लिहायला जागा आहे का, ते पाहा. आणि निघताना दाराशी, चिखलाचे बूट काढून ठेवतात त्या खोलीत, फळीवर जादा बूट आहेत का बघा. वेगवेगळ्या मापांचे, कुणाचंही नाव न लिहिलेले, धुऊन ठेवलेले. या शेतांवर बरेच जण हॉस्पिटलातून थेट येतात आणि पायात कापडी बूट असतात.